रिकाम्या गोदामातली हलगी

फाल्गुन सरत आला की आमच्याकडच्या वाऱ्याला एक कोरडा वास सुटतो. जळक्या तुराट्यांचा, तापलेल्या पत्र्याचा, तळ उघड्या पडलेल्या हौदाचा. यंदा तो जरा लवकरच सुटला. आमच्या शाळेचा शिपाई पाली गावाहून येतो. परवा म्हणाला, "बाई, धरणात आता चालत मदोमद जाता येतंय." आणि त्याच दुपारी मोबाईलवर निरोप आला. विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाची तालवाद्य कार्यशाळा, संध्याकाळी सादरीकरण, जेवणाची सोय मोफत. मी संगीताची शिक्षिका. निरोप वाचून खरं तर हरखून जायला पाहिजे होतं. पण माझ्या मनात पहिला प्रश्न काय आला सांगू? इलेक्शन कशाची आहे?

माझा दोष नाही. दुष्काळ आणि मोफत हे दोन शब्द एकाच वाक्यात आले की मी सावध होते. हा गुण वडिलांकडून आला. आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि फुकटच्या वस्तूचा त्यांना लई राग. एकदा पतसंस्थेनं सगळ्या सभासदांना स्टीलचा डबा वाटला. आण्णांनी तो आठ दिवस दाराबाहेर ठेवला. आई म्हणाली, "आवो, डबाच हाय, चावायचा न्हाई." आण्णा म्हणाले, "ते मला बी दिसतंय. पण कावून दिला?" आठ दिवसांनी कळलं की संस्थेच्या संचालकाला कुठंतरी उभं राहायचं होतं. मग आण्णा समाधानानं डबा घरात घेऊन आले. कारण कळलं की त्यांना वस्तू गोड लागायची.

मी अकरावीला होते, तो हंगाम असाच. त्या साली गावातले आवाजच कमी झाले होते. जनावरं छावणीत गेली, म्हणून गोठ्यात घुंगरं वाजेनात. बोअर आटले, म्हणून मोटारींची घरघर बंद. लग्नं लोकांनी पुढच्या सालावर ढकलली, म्हणून वाजंत्री नाही, वरात नाही. दिवसभरात एकच मोठा आवाज, टँकरचा हॉर्न, आणि त्याच्यामागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायांचा कालवा. बाकी सगळा दिवस नुसता पडून असायचा. अशा दिवसांत मी घरात तबला वाजवायचे आणि मला स्वतःलाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

तबल्यालाही दुष्काळ कळतो, हे तेव्हा कळलं. हवा कोरडी झाली की कातडं ताणून बसतं आणि स्वर चढतो. मी गट्टे सैल करून करून थकायचे. एकदा पुडीचं कातडं तडकू नये म्हणून ओलं फडकं तबल्याशेजारी ठेवलं, तर आई अशी काही कडाडली! "हितं माणसाला अंगुळीला पाणी न्हाई, आन तुझ्या डग्ग्याला न्हाऊ घालू का?" फडकं तिनं उचललं आणि त्यानंच चूल पुसून घेतली.

आता हलगीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या घरातल्या माठाखाली एक लोखंडी कडं होतं. माठ कलंडू नये म्हणून ठेवलेलं. मी लहानपणापासून ते बघत आले. ते आमच्या आज्याच्या हलगीचं कडं आहे, हे मला दहावीत कळलं, तेही आईकडून. आज्याला गावात बोलावणं यायचं. कुणाच्या घरी मयत झाली, हलगी घेऊन ये. पाटलाची वरात निघाली, हलगी घेऊन ये. दवंडी द्यायचीय, ये. ताप असो, पेरणी असो, निरोप आला की उठायचं. वाजवायचं ते बाहेर उभं राहून, आणि भाकरी मिळायची ती पदरात, वरून टाकलेली. ज्या साली आमच्या वस्तीनं धम्माची दीक्षा घेतली, त्या साली आज्यानं हलगीचं कातडं विळ्यानं कापून काढलं आणि कडं माठाखाली ठेवलं. त्यानंतर आमच्या घरात हलगीचं नाव सहसा निघत नसे. माझ्या हाताला ताल आहे, हे शाळेतल्या गुरुजींनी सांगितल्यावर आण्णांनी बीडहून तबला आणून दिला, पण देताना बजावलं. "तबला शीक, पेटी शीक, काय बी शीक. हलगीला हात लावायचा न्हाई."

तर अशा त्या सालात आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेनं तालवाद्य कार्यशाळा ठेवली. जिल्ह्यातल्या कॉलेजांतली वाजवणारी पोरं बोलावली. सकाळी शिकवणार, संध्याकाळी संचालकांपुढं वाजवून घेणार. ज्या कारखान्यानं त्या साली एक मोळी गाळली नव्हती, ज्याच्या सभासदांचा ऊस छावणीतल्या म्हशींनी खाल्ला होता, त्या कारखान्याला पोरांच्या तालाची काळजी!

आण्णांनी पत्रक दोनदा वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"दुष्काळात ढोल कावून?"

"आण्णा, शहरातले मोठे तबलावाले येणारेत. शिकायला मिळंल."

"त्यांना शिकवायचं आसतं तर सुकाळात शिकवलं आसतं."

मी रडले, जेवले नाही, आईला मध्ये घातलं. शेवटी आण्णा तयार झाले, पण अट घालून. "मी संगं येणार. दिवसभर गेटावर बसणार. आन तिथं काई काळंबेरं निगालं, तर आल्याबरोबर तबला बांधून माळ्यावर. मग गुमान डी.एड.चं बघायचं. कबूल?" मी कबूल म्हणाले. आण्णा शब्दाला पक्के होते. त्यांनी माळ्यावर टाकलेली वस्तू परत खाली येत नसे.

कारखाना मी पहिल्यांदाच आतून पाहिला. चिमणी होती, धूर नव्हता. वजनकाट्यावर एक कुत्रं झोपलं होतं. ट्रॉल्या रांगेनं उभ्या, चाकांत गवत वाळलेलं. कामगार बाभळीखाली पत्ते कुटत बसले होते आणि आमच्याकडं बघत होते, की ही कोण नटून थटून आली. गेटावर रजिस्टर होतं. मी सही करायला पेन उचललं तर आण्णांनी मनगट धरलं. "वरचा मजकूर वाच आदी." वर लिहिलं होतं, उपस्थिती. आण्णांनी स्वतः चष्मा लावून वाचलं, पान उलटून मागं काही चिकटवलंय का ते बघितलं, मगच माझं मनगट सोडलं. मागं उभी पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यशाळा साखरेच्या गोदामात होती. एवढं मोठं गोदाम आणि आत एक पोतं नाही. तरी मळीचा गोडसर, आंबूस वास भिंतींत मुरलेला होता. अनवाणी चाललं की तळपायाला चिकट लागायचं, आणि मुंग्यांच्या रांगा अजून चालू होत्या, कुठून कुठं कोण जाणे. एक टाळी वाजवली तर पत्र्यावरून चार टाळ्या परत यायच्या. समोर स्टेज, पांढरी चादर, तबल्यावाले पाहुणे सर वर बसलेले. गोरे, मऊ बोलणारे. त्यांनी विचारलं, "पाणी मिळालं का सगळ्यांना?" मला वाटलं, हे कावून विचारायलेत? माणूस साधं पाणी विचारतो आणि मी त्यात खोट शोधते, असं माझं तेव्हाही होतं आणि आजही आहे.

मग चिठ्ठ्या निघाल्या. पोरं तीसेक, तबल्याच्या जोड्या थोड्या. म्हणून कोणी काय वाजवायचं ते चिठ्ठीनं ठरणार, असं ऑफिसातल्या माने क्लार्कनं सांगितलं. जाड भिंगाचा चष्मा, खिशाला तीन पेनं. डबा घेऊन ते एकेकापुढं येत होते. माझ्यापुढं आले, थांबले, म्हणाले, "नाव?" मी सांगितलं, वैशाली. "आडनाव?" तेही सांगितलं. त्यांनी डबा एकदा जोरात हलवला आणि पुढं केला. मी चिठ्ठी काढली.

हलगी.

माझ्या कानशिलात गरम झालं. मी तबल्याची पोर. सकाळपासून बोटांना तेल लावून आलेली. आणि आडनाव विचारूनच डबा हलवला होता ना! मी बाकीच्यांकडं बघत राहिले. माझ्यासकट चौघांना हलगी आली होती. त्यातली एक केजची पोरगी आमच्यासारख्याच वस्तीतली निघाली. माझा संशय पक्का झाला. पण तिसरा होता दिंद्रुडचा बालाजी, बागाईतदाराचा एकुलता एक, गळ्यात सोन्याची साखळी. तो चिठ्ठी बघून नाचायलाच लागला. "हलगी आली बे, हलगी!" चौथ्याचं आडनाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे हिशेब लागेना. मान्यांनी मुद्दाम केलं असतं तर बालाजीला कशी गेली? आणि मुद्दाम नसेल तर आडनाव कावून विचारलं? कदाचित यादीत खूण करायची असेल. कदाचित नसेल. आज इतक्या वर्षांनी, वर्गात पोरांना वाद्यं वाटताना मी कुणाचं आडनाव विचारत नाही. माझ्याकडून चुकूनही कुणाला तशी चिठ्ठी जाऊ नये, एवढंच वाटतं.

तबलेवाली पोरं स्टेजजवळ गेली. आम्हा चौघांना गोदामाच्या मागच्या दारी पाठवलं. तिथं किसनमामा बसले होते. साठीच्या पुढचे, पांढरं धोतर, डोक्याला मळका पटका. जवळच्या गावातल्या मातंग वस्तीतले. हलगीतलं त्यांच्याएवढं जाणणारा पंचक्रोशीत नव्हता, पण त्यांच्यासाठी चादर नव्हती, खुर्ची नव्हती. ते पोत्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला एकेकाला नाव विचारलं, गाव विचारलं. माझ्यावर नजर थांबली.

"तू त्या वस्तीतली न्हवं का? मास्तराची?"

"हो."

"तुमी तर हलगी सोडली. आमच्या बाला एकट्याला टाकून सोडली. मंग आता कावून आलीस?"

मी म्हणाले, "चिठ्ठी आली, मामा. मी मागितली नव्हती."

"मला तरी कुणी इचारून दिली व्हती?" असं म्हणून ते उठले.

मला त्यांचा राग आला आणि लाजही वाटली. आमच्या आज्यानं कडं माठाखाली ठेवलं, तेव्हा गावातली मयत आणि वरात काही थांबली नव्हती. ती सगळी बोलावणी मग कुणाच्या दारी गेली, हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. मी तर कधी विचारच केला नव्हता. किसनमामा माझ्याकडं संशयानं बघत होते आणि त्यांचा संशय खोटा नव्हता.

हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते. खरं तर त्या उन्हात कातडं आधीच टणक होतं, पण मामा म्हणाले, "रीत ती रीत." आम्ही चिमणीच्या बाजूचा जुना भुसा आणि पाचट गोळा केलं, त्यांनी आगकाडी लावली. भुसा धुमसला, धूर सरळ वर गेला. त्यावर हलग्या फिरवायच्या, बोटानं टिचकी मारून ऐकायचं, परत फिरवायच्या. मग मामांनी हलगी माझ्या खांद्याला अडकवली. डाव्या हातात लांब बारीक काडी, उजव्यात आखूड जाड टिपरू. "टिपरू बोलतं, काडी व्हय म्हनती," एवढाच त्यांचा धडा. बोल नाहीत, मात्रा नाहीत, लिहून घ्या नाही. त्यांनी वाजवायचं, आपण मागं जायचं.

आणि इथं खरं सांगते, जे त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नसतं. मला मजा यायला लागली. तबल्यावर बसून, मान खाली घालून, मोजून मापून वाजवलेली मी. हलगी उभ्यानं वाजवायची, पाय हलणार, खांदा हलणार, छाती धडधडणार. तासाभरात माझी काडी व्हय म्हणायला लागली. मामांच्या तोंडावरची एक सुरकुती सैल झाली. बालाजी धापा टाकत म्हणाला, "लई भारी वाजवायलीस की तू!" मला एवढा आनंद झाला, आणि त्याच क्षणी गेटावरचे आण्णा आठवले. मला ती वाजवावी लागत होती, तोवर दोष मान्यांचा होता. आता ती मला आवडत होती. हा दोष कुणावर घालू?

जेवणाच्या सुट्टीत मी गेटावर गेले. आण्णांनी कारखान्याचं जेवण घेतलं नव्हतं. घरून आणलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा कडुलिंबाखाली बसून खात होते.

"काय वाजवलं?"

"तबला," मी म्हणाले.

"सर कसे हायत?"

"चांगले हायत."

आण्णांनी माझ्या हाताकडं बघितलं. डाव्या मनगटावर काजळी होती. "हे काय लागलं?"

"धूळ हाय गोदामातली."

त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा मला दिला. मी तो खाल्ला. आजवर मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते असं नाही, पण हे खोटं पकडलं जाणार, हे मला माहीत होतं आणि तरी बोलले होते. संध्याकाळी सगळ्यांपुढं हलगी घेऊन उभं राहायचं होतं. म्हणजे तबल्याचे आता फार तर तीन-चार तास उरले होते.

दुपारच्या सरावाला सगळ्यांनी एकदम वाजवायचं ठरलं. तबले आत, आम्ही मागच्या दारात, शेजारी भुशाची आग. रिकाम्या गोदामानं तो आवाज असा काही उचलला की चार हलग्यांच्या चाळीस झाल्या. पत्रे थरथरले. मुंग्यासुद्धा पांगल्या असतील. आम्ही बेभान. आणि तेवढ्यात गेटाकडून गलका ऐकू आला.

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, पण आमच्या भागात कारखान्यातून हलगी वाजली आणि चिमणीजवळ धूर दिसला, की त्याचा अर्थ एकच. बॉयलर पेटला. दरसाल दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरची पूजा होते, हलगी लागते, धूर निघतो, आणि मग शिवाराला जाग येते. ऊसतोडीच्या टोळ्या बांधल्या जातात, गाड्या निघतात. त्या साली ते झालंच नव्हतं. आणि आता ऐन फाल्गुनात, शिवारात उसाचं एक कांडं नसताना, हलगी आणि धूर! वाड्यावस्त्यांवरून माणसं पळत सुटली. मोटारसायकलींवर तिघंतिघं, कुणी सायकलवर, कुणी पायी. पत्ते कुटणारे कामगारही त्यांच्यात मिसळले.

"बॉयलर पेटीवला आन सभासदाला सांगितलं बी न्हाई?"

"ऊस कुठला गाळायलेत? भायेरचा आणला का?"

"आरं कशाचा ऊस! मशनी खोलून इकायलेत. ठोकठोक ऐकू येऊ नाई म्हून हलगी लावली. मला सकाळीच वास आल्ता!"

माने क्लार्क घामाघूम. "आवो, पोरांची कार्यशाळा हाय! शिकायलेत पोरं!"

"दुष्काळात? कुनाला येडं करता बे?"

मला हसू येईना. अगदी आमच्या आण्णांचेच प्रश्न, फक्त दोनशे तोंडांनी. चौघं-पाच जण धावत बॉयलरकडं गेले. परत आले तेव्हा त्यांच्यातल्या एकाचा तळहात गंजानं लाल झाला होता. तो हळू म्हणाला, "गार हाय."

गर्दीत पुढं एक बाई उभी होती, ऊसतोडीला जाणारी, पदर खोचलेला. तिच्या हातात कोयता होता. कुणीतरी म्हणालं, "आक्का, तू कोयता कावून आणला?" ती म्हणाली, "काम सुरू झालं वाटलं मला." आणि कोयता पाठीमागं लपवला. मला आजही तो लपवलेला कोयता आठवला की कसंतरी होतं. सगळ्यांच्या तोंडावर संशय होता, पण पळत आलेले पाय काहीतरी चांगलं ऐकून आले होते. आमच्या चार हलग्यांनी त्यांना फसवलं होतं.

"बंद करा," माने आम्हाला म्हणाले. "एकदम बंद."

किसनमामा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "आता बंद केली तर लोकं म्हनतील कायतरी लपीवलं. दारं उघडा समदी. येऊ द्या आत. बघू द्या."

तसंच झालं. माणसं आत आली, रिकामं गोदाम कोपऱ्याकोपऱ्यातून बघून घेतलं आणि भिंतीला धरून उभी राहिली. पाहुण्या सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, श्रोते आलेच आहेत तर आताच सुरू करू. समोर पहिल्या रांगेत गादीच्या खुर्च्या होत्या, प्रत्येकीवर कागद चिकटवलेला, मा. संचालक. त्या रिकाम्या. चेअरमन कार्यक्रम सुरू झाल्यावर मागून आले, गर्दी बघून आधी दचकले आणि मग फोटोवाल्याला खुणावलं. दोन महिन्यांनी निवडणुकीच्या पत्रकावर तोच फोटो छापून आला. खाली ओळ होती, सभासदांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. आण्णांनी ते पत्रक जपून ठेवलं. कारण कळलं होतं ना.

पण हे नंतरचं. त्या वेळी मी खांद्याला हलगी लावून स्टेजखाली उभी होते, आणि गर्दी सारत आण्णा माझ्यापुढं आले. त्यांनी हलगीकडं बघितलं. मग माझ्या मनगटाकडं. 

"तबला म्हनालीस."

"खोटं बोलले."

"कुनी दिली ही?"

"चिठ्ठी निघाली."

"चिठ्ठी कुनाच्या हातची?"

मी मान्यांकडं बोट दाखवलं. आण्णांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मान्यांनी चष्मा पुसायला काढला.

"चल," आण्णा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता चल. हलगी खाली ठिव. तू कुनी वाजव म्हनलं की वाजवणारी न्हाईस."

माझ्या शेजारी केजची पोरगी मान खाली घालून उभी. किसनमामा टक लावून बघत होते, जणू हे त्यांना आधीच माहीत होतं. मी पट्टा खांद्यावरून काढायला घेतला, आणि काढता येईना. हात थांबला. मी म्हणाले, "आण्णा, चिठ्ठी त्यांनी दिली. पण सकाळपासून मी वाजवायले ते मला आवडायलंय म्हणून."

आण्णांनी पट्ट्यावरचा माझा हात बघितला. 

"कुनी जबरी केली न्हाई?"

"न्हाई."

"कुनाला भिऊन बोलायली न्हाईस?"

"तुम्हालाच भ्यायले, आण्णा. दुसऱ्या कुणाला नाही."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग वळले. मला वाटलं, निघाले. पण ते दाराकडं गेलेच नाहीत. सरळ पहिल्या रांगेत गेले, मधली गादीची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. टेकून. टोपी मांडीवर ठेवली. माने पळत आले. "मास्तर, ती संचालकांची खुर्ची हाय."

"आसंल," आण्णा म्हणाले. "पोरगी वाजवायलीय माझी. आमच्यातल्या कुनी आजवर हलगी बसून ऐकली न्हाई. मी बसून ऐकणार हाय."

मान्यांनी इकडंतिकडं बघितलं. दोनशे माणसं बघत होती. ते मागं सरले. किसनमामांनी आण्णांकडं पाहिलं, मग स्वतःचं पोतं उचललं, स्टेजच्या पायरीवर चढले आणि पांढऱ्या चादरीवर जाऊन पाहुण्या सरांच्या शेजारी बसले. सरांनी सरकून जागा दिली. 

आम्ही वाजवलं. कसं वाजवलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी आण्णांच्या चेहऱ्याशिवाय काही बघत नव्हते, आणि त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पंचनामा ऐकावा तसे ते ऐकत होते. कोयतावाली आक्का मात्र शेवटी शेवटी मान हलवायला लागली, आणि बालाजीनं तर उडीच मारली. टाळ्या झाल्या. आण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. टोपी घातली आणि म्हणाले, "चल, दिवस हाय तोवर घरी पोचू."

मोटारसायकलवर मागं बसून मी तबल्याला मनातल्या मनात बांधून टाकलं होतं. जुनं लुगडं गुंडाळायचं का पोतं, इथपर्यंत विचार झाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी ढेकळं, मावळतीचं ऊन.  शेवटी मलाच राहवेना.

"आण्णा, तबला बांधून ठिवू का गेल्यावर?"

त्यांनी गाडी खड्ड्यातून सावकाश काढली. मग म्हणाले, "शेवटच्या चालीत तुझी डावी काडी मागं राहायली. दोनदा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्हाला काय मालूम?"

"बा हलगीला शिवला न्हाई परत. पण मला निजवताना पाठीवर बोटं वाजवायचा. रोज. त्याला वाटायचं मी झोपलोय."

एवढं बोलून त्यांनी गाडीचा वेग कमी केला, डावा हात सोडला आणि दोन बोटांनी पेट्रोलच्या टाकीवर ती अख्खी चाल वाजवून दाखवली. एक ठोका चुकला नाही.